पुणे ते नागपूर, जिप्सीचं इंजिन पार्ट लोडने (ट्रकमध्ये इतरांच्या मालासोबत) मागवलं: पूर्ण अनुभव आणि खर्च

मी ताडोब्यात मोहर्ली गेटला जिप्सी चालवतो, गाडी स्वतःची आहे, पेट्रोल १३०० सीसी एमपीएफआय. ऑगस्टमध्ये बफरच्या (जंगलाच्या कडेच्या भागाच्या) फेरीत पाण्याचा पाइप फुटला, काटा वर गेलेला माझ्या लक्षात येईपर्यंत गाडी चढावर होती आणि मागे सहा पाहुणे बसलेले. गाडी बंद केली तोवर उशीर झाला होता. या इंजिनचं हेडही (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही ॲल्युमिनियमचा, एकदा का जास्त तापलं की सरळ राहत नाही. मिस्त्रीने खोललं तर हेड वाकलेलं, दोन नंबरच्या सिलिंडरला आतून लाइन (ओरखडा) पडलेली. नागपूरच्या मशीन शॉपने सांगितलं की काम होईल पण सामान मिळायला तीन आठवडे धरून चाला, आणि आमचा कोअर झोन, म्हणजे जंगलाचा मुख्य भाग, उघडतो १ ऑक्टोबरला. सीझनचे पहिले दहा दिवस गाडी उभी ठेवणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून चालू इंजिन शोधायला लागलो आणि ते सापडलं पुण्यात, भोसरीला. तिथल्या एका साहेबांनी त्यांच्या जिप्सीत दुसरं इंजिन बसवायला घेतलं होतं म्हणून हे कंपनीचं इंजिन उतरवून विकत होते. ६२ हजारात सौदा ठरला.

आता इंजिन मिळालं, पण ते आणायचं कसं, ते पण सातशे किलोमीटर, ते पण पावसात. मला माहितीये की माझ्यासारखे बरेच जण इथेच अडकतात म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडून आणलं त्या ट्रान्सपोर्टचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि कौतुक पण आहे, आणि त्यांच्या सगळ्या शाखा सारख्या असतील याची हमी मी देऊ शकत नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत बुकिंग केलं आणि नागपूरला वाडीत डिलिव्हरी घेतली एवढं सांगतो.

आधी जुनी गोष्ट सांगतो, कारण त्यातूनच मी शिकलो. काही वर्षांपूर्वी भावाच्या गाडीसाठी आम्ही हैदराबादहून इंजिन मागवलं होतं. रेट बघितला, सगळ्यात स्वस्त ७ रुपये किलोवाला निवडला, ११० किलोचे ७७० रुपये झाले आणि आम्ही खूश. विकणाऱ्याने इंजिन एका जुन्या टायरमध्ये बसवलं, वरून पोतं गुंडाळलं, सुतळी बांधली आणि दिलं पाठवून. आलं ते वरून चांगलं दिसत होतं. भावाने सही केली, माल सुस्थितीत मिळाला म्हणून. गाडीत बसवून चालू केलं तर ऑइलचा लाइट विझेना. चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचा ऑइलचा पत्र्याचा डबा, उतरवून बघितलं तर खालून आत दबलेला, इतका की ऑइल ओढायची जी जाळी असते ती चेंबरच्या तळाला चिकटली होती, मग ऑइल चढणार कुठून. नशीब की मिस्त्रीने लगेच बंद केलं. चेंबर नवा, पॅकिंग नवं, इंजिन परत खाली, परत वर, नऊ हजार गेले. ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो तर त्याने बिल्टी (मालाची पावती) दाखवली, त्यावर शिक्का होता ओनर्स रिस्क, म्हणजे नुकसान झालं तर मालवाल्याचं, मालाची किंमत लिहायची जागा कोरी, आणि खाली भावाची सही. विषय संपला.

म्हणून यावेळी ठरवलं होतं की भाडं शंभर-दोनशेने जास्त गेलं तरी चालेल पण इंजिन चेंबरवर बसून येणार नाही आणि बिल्टी कोरी राहणार नाही.

निगडीला जायच्या आधी बाकीचे रस्ते पण तपासले, ते पण सांगतो. पूर्ण छोटा हत्ती करायचा तर पुण्याहून नागपूरचे २१ हजार सांगितले, कारण तो परत रिकामा येणार. इंजिनच्या किमतीचा तिसरा हिस्सा भाड्यात घालायला मन तयार झालं नाही. दोन मोठ्या कुरिअर कंपन्यांना फोन केला, वापरलेलं पेट्रोल इंजिन म्हटल्यावर दोघांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं चूक नाही, इंजिनच्या आत पेट्रोलचा अंश राहतो आणि विमानाच्या मालात असं इंजिन धोकादायक मालातच मोडतं, त्याला वेगळा यूएन नंबरच (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आहे, ३५२८. त्यांचं कोणतं पार्सल कधी विमानात चढेल सांगता येत नाही म्हणून ते घेतच नाहीत. रेल्वे पार्सलचा विचार केला होता, भाडं काही वाईट नव्हतं, पण दोन्ही टोकांना माल आपणच न्यायचा-आणायचा, मध्ये प्लॅटफॉर्मवर हातगाडी, डब्यात चढवताना-उतरवताना आपण समोर नाही, आणि तिथल्या घाईत शंभर किलोचं धूड कोण सांभाळून उतरवणार. ते सोडलं.

राहिली ट्रॅव्हल्स. आमच्याकडे सगळे हेच करतात, रात्रीच्या बसच्या डिक्कीत टाकायचं, सकाळी नागपूर. २५०० मागितले. मला हा प्रकार अजिबात पटत नाही आणि कुणी करत असेल तर कृपया करू नका. एक तर डिक्की बुटकी, इंजिन आडवं झोपवावं लागतं, मग उरलंसुरलं ऑइल नको तिथे जातं आणि हेडच्या बाजूचे सेन्सर, वायरिंग सगळं दाबलं जातं. दुसरं म्हणजे कागद काही नाही, एक चिठ्ठी आणि क्लीनरचा नंबर. आणि वर माणसं झोपलेली असतात, त्यांच्या खाली पेट्रोलचा वास मारणारी वस्तू ठेवायची हे बरोबर नाही.

तर मी स्वतः पुण्याला गेलो, सोबत आमचा मिस्त्री. इंजिन उतरवायच्या आधीच त्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) दाखवलं होतं, चारही सिलिंडर १७५ ते १८२ पीएसआय, म्हणून बयाणा दिलेला. भोसरीहून त्यांच्याच ओळखीच्या टेम्पोत इंजिन टाकलं, ७०० रुपये, आणि निगडीला पोचलो. इंजिन कसं होतं तर जाड लाकडी फळीवर ठेवलेलं, चेंबरच्या दोन्ही बाजूंना ठोकळे, दोरीने आवळलेलं. मला वाटलं होतं की हैदराबादच्या टायरपेक्षा हे पुष्कळ चांगलं आहे.

बुकिंगला जे काका बसले होते ते पन्नाशीचे, कानाला पेन लावलेलं. ते खुर्चीतून उठून बाहेर टेम्पोपाशी आले, वाकून खाली बघितलं आणि खिशातली किल्ली काढून चेंबरवर टिकटिक वाजवली. मग ठोकळ्याच्या आणि चेंबरच्या मधे बोट घालायला गेले, बोट जाईना. म्हणाले, "दादा, हे सगळं वजन पत्र्यावर आहे. हे मी घेत नाही."

मी म्हटलं काका ठोकळे आहेत की. ते म्हणाले, "ठोकळे आत्ता आहेत. चाकणच्या आधीच दोन खड्ड्यांत सरकतील. गाडी नागपूरला पोचेपर्यंत ठोकळे कुठं आणि इंजिन कुठं."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी विचारलं मग काय करायचं, तर त्यांनी पाचशे मीटरवरचा पॅकिंगवाला दाखवला आणि सांगितलं की सहा वाजेपर्यंत परत आणलं तर आजच्या गाडीत, नाहीतर उद्या. पैसे येत होते तरी माल नाही म्हणाले, आणि माझ्यासाठी या सगळ्या सर्व्हिसमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. हैदराबादच्या वेळी बुकिंगवाला खुर्चीतून उठला पण नव्हता असं विकणाऱ्यानेच नंतर सांगितलेलं.

पॅकिंगवाल्याने काय केलं ते नीट सांगतो कारण खरी सुरक्षितता इथेच ठरली. चाकण-भोसरीच्या कंपन्यांचा माल तो रोज पॅक करतो, त्याच्यासाठी इंजिन नवीन नव्हतं. अडीच फूट बाय अडीच फुटाचं लाकडी पॅलेट घेतलं, त्यावर चार उभे लाकडी खांब ठोकले आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंना जिथे फाउंडेशनचे (इंजिन गाडीला धरून ठेवणारे) ब्रॅकेट येतात तिथे लोखंडी पट्टी टाकून ब्रॅकेट बोल्टने त्या पट्टीला आवळले. मागच्या बाजूला जिथे गिअरबॉक्स जोडला जातो त्या कडेला पण दोन बोल्ट. इंजिन गाडीत जसं लटकलेलं असतं तसंच पॅलेटवर लटकलं. चेंबर आणि लाकूड यांच्यात चार बोटं जागा होती, मी स्वतः हात घालून बघितला. वरून एक रॅचेट पट्टा टाकला तो ब्लॉकवरून, मॅनिफोल्डवरून (हेडला हवा नेणाऱ्या नळ्यांवरून) नाही. पट्टा मॅनिफोल्डवरून घेतला तर आवळताना प्लास्टिक आणि सेन्सर तुटतात, हे तोच म्हणाला.

त्याच्या आधी मिस्त्रीने ऑइल आणि कूलंट पूर्ण काढलं, फ्युएल रेलमधलं पेट्रोल काढलं, सेल्फ आणि डायनॅमो उतरवून वेगळ्या खोक्यात घेतले कारण बाहेर आलेल्या वस्तूच आधी मार खातात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकलं, क्रँक हाताने दोन फेरे फिरवला आणि प्लग परत लावले. आता एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, इनटेकच्या भोकांमध्ये चिंध्या कोंबतात ना, ते करू नका. एक चिंधी आत राहिली आणि इंजिन चालू केलं तर सगळा खर्च पाण्यात. आम्ही भोकांवर जाड पुठ्ठा कापून लावला आणि वरून चिकटपट्टी, म्हणजे बसवताना काढल्याशिवाय मॅनिफोल्ड जोडताच येणार नाही. पाण्याच्या तोंडांना तसंच.

पावसाचे दिवस, त्यामुळे मी म्हटलं प्लास्टिकने गच्च गुंडाळा. पॅकिंगवाल्याने नाही म्हटलं. गच्च गुंडाळलं की आतल्या आत घाम येतो आणि लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंज धरतो. त्याने वरून आणि चारी बाजूंनी फिल्म मारली, खाली मोकळं ठेवलं, वरून ताडपत्रीचा तुकडा टोपीसारखा बांधला. लाल रंगाने बाण काढला, वरची बाजू, आणि चारही बाजूंना लिहिलं, मशीन पार्ट, आडवे करू नये. हिंदीतून पण लिहिलं कारण हमाल सगळीकडचे असतात. सगळं मिळून १५०० घेतले. एकही रुपया कमी करायला सांगितला नाही मी.

साडेपाचला परत निगडी. काकांनी परत वाकून बघितलं, यावेळी बोट न घालताच मान हलवली.

आता बिल्टी. वजन काट्यावर १२८ किलो भरलं, पॅलेट धरून. पण पार्ट लोडमध्ये नुसतं वजन बघत नाहीत, माल जागा किती खातो ते पण बघतात. लांबी, रुंदी, उंची फुटात गुणून घनफूट काढतात आणि यांच्याकडे घनफुटाला ८ किलो धरतात. आमचं आलं १३८ किलो, म्हणजे दहा किलोचं भाडं जागेचं. मी हिशोब करून बघितला, बरोबर होता. तुम्ही पण पॅलेट बनवताना उगाच मोठं बनवू नका, उंची अर्धा फूट वाढली तर पंचवीस किलो वाढतात. रेट ९ रुपये, भाडं १२४२.

मग त्यांनी विचारलं, "व्हॅल्यू किती टाकू?" आणि इथे नव्वद टक्के लोक चूक करतात. किंमत कमी लिहिली की कागदपत्र कमी लागतात आणि रिस्क चार्ज कमी लागतो असं वाटतं म्हणून ५ हजार लिहितात. रस्ते वाहतुकीचा कायदा आहे, २००७ चा, आणि त्याचे नियम २०११ चे. जास्तीचा रिस्क रेट भरला नसेल तर नुकसान झाल्यावर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते, आणि बिल्टीवर लिहिलेल्या किमतीच्या वर ती जातच नाही. माझं भाडं १२४२ म्हणजे फार तर १२ हजार ४२० मिळाले असते, ६२ हजारांच्या इंजिनचे. मी ६२ हजार लिहायला लावले आणि रिस्क चार्ज एक टक्का ६२० रुपये भरले. काकांना सांगितलं की शिक्का कॅरिअर रिस्कचा पाहिजे, म्हणजे जबाबदारी ट्रान्सपोर्टची. त्यांनी खणातून शिक्का शोधून काढला, त्याच्यावर धूळ होती, शाईच्या पॅडवर तीन वेळा दाबल्यावर उमटला. यावरून समजा किती लोक मागत असतील.

माझ्या विम्याच्या एजंटला ट्रान्झिट पॉलिसीबद्दल पण विचारलं होतं, एका जुन्या इंजिनसाठी तो काही तयार झाला नाही, त्यामुळे हा ६२० रुपयांचा शिक्काच माझा आधार होता.

कागदाचं म्हणाल तर विकणारे साहेब काही जीएसटीवाले नाहीत, त्यामुळे टॅक्स बिल नव्हतं. साध्या कागदावर विक्रीचं पत्र, इंजिन नंबर लिहिलेला, त्यांच्या आरसीची झेरॉक्स आणि दोघांच्या आधारच्या झेरॉक्स दिल्या. ई-वे बिल (माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागलं नाही, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची आहे. दिल्लीहून मायापुरीच्या जुन्या पार्टच्या बाजारातून वगैरे मागवणार असाल तर राज्याबाहेरून ५० हजारांच्या वर गेलं की ई-वे बिल बघावं लागतं, ते आधीच विचारून घ्या, नाहीतर गाडी नाक्यावर अडली की सगळ्यांचाच माल अडतो.

शेवटी फोटो. इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आरटीओत चेसिसची प्रिंट काढतात ना तशी, तो कागद मी खिशात ठेवला. मग काट्याचा आकडा, चारी बाजू, चेंबरच्या खालची जागा, बिल्टी नंबरसकट सगळ्याचे फोटो. काका बघत होते. म्हणाले असं सगळ्यांनी केलं तर आमची भांडणं कमी होतील.

इथपर्यंत मी या सर्व्हिसला पाचपैकी पाच दिले असते. पुढचं ऐका.

चार दिवस सांगितले होते, सात लागले. गणपतीचे दिवस होते, विसर्जनाच्या दिवशी गोडाऊन बंद, हमाल गावी गेलेले, हे मी समजू शकतो, माझ्या पण घरी गणपती असतो. पण ते बुकिंगच्या वेळी सांगायला पाहिजे होतं. माझा राग उशिराचा नाही, माहिती न देण्याचा आहे. त्यांच्या ट्रॅकिंगवर तीन दिवस एकच ओळ, माल रवाना. नागपूरच्या ऑफिसला फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. चौथ्या दिवशी एकाने उचलला आणि म्हणे गाडी आली नाही, पाचव्या दिवशी दुसरा म्हणाला गाडी परवाच आली पण खाली झाली नाही. ६२ हजार अडकलेला माणूस रात्री झोपत नाही हो, एक मेसेज टाकायला काय लागतं. निगडीच्या काकांना फोन केला तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात खबर काढून दिली, ते काम खरं तर त्यांचं नव्हतं.

मी मुद्दाम चंद्रपूरपर्यंत बुक केलं नव्हतं. चंद्रपूरचा माल वाडीत उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो, चंद्रपूरला परत उतरतो. माल रस्त्यावर कमी आणि चढ-उताराला जास्त फुटतो, त्यामुळे जेवढे हात कमी लागतील तेवढं बरं. मावसभावाची पिकअप भाजी घेऊन नागपूरला जातच असते आणि येताना रिकामी असते, त्याला ८०० रुपये दिले.

सातव्या दिवशी वाडीला पोचलो. माझं इंजिन गोडाऊनच्या आत तिसऱ्या रांगेत होतं आणि त्यावर, म्हणजे माझ्या ताडपत्रीच्या टोपीवर, कुणीतरी फरसाणाची चार खोकी ठेवलेली. हलकी होती, काही बिघडलं नाही, पण बाण काढून, लिहून सुद्धा वर माल ठेवला हे चूकच आहे आणि मी तिथल्या सुपरवायझरला ते दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, जागा नाही ना, काय करता." मला हे उत्तर मान्य नाही.

उतरवताना मात्र हमालांनी जीव लावून काम केलं हे सांगायलाच पाहिजे. गोडाऊनचा ओटा आणि पिकअपचा डाला यात वीतभर फरक होता. त्यांनी दोन जाड फळ्या टाकल्या, खाली जुना टायर ठेवला, पॅलेटला समोरून दोर बांधला, दोघं मागून रेटणार आणि दोघं पुढून दोर धरणार. एक म्हातारे बाबा बाजूला उभे राहून नुसते "हळू, हळू, पाय काढ बे" करत होते. पॅलेट फळीवर आलं तेव्हा फळी वाकली आणि माझा श्वास अडकला, पण त्या बाबांनी हाताने खूण केली आणि चौघं तिथल्या तिथे थांबले, पूर्ण थांबले, फळी स्थिर झाली आणि मग एका दमात आत. अशी माणसं म्हणजे ट्रान्सपोर्टचा खरा कणा, आणि त्यांच्या पगाराचा विचार कुणी करत नाही. वाराई (माल चढवा-उतरवायची मजुरी) म्हणून २०० घेतले ते मी आनंदाने दिले असते, फक्त ते सुपरवायझरने घेतले आणि पावती दिली नाही, हमाली तर बिल्टीत आधीच लागलेली होती. यावर मी लेखी तक्रार केलीये.

सही करायच्या आधी मी फिल्म कापली. सुपरवायझर म्हणाला घरी जाऊन बघा ना, मी म्हटलं नाही, इथेच बघणार. चेंबरखाली हात घातला, चार बोटं जागा तशीच. बोल्ट एकही ढिला नाही. खिशातला पेन्सिलचा कागद काढला, इंजिनवर नवीन कागदावर परत घासलं, दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, नंबर तंतोतंत. मग पाण्याच्या एका तोंडावरचा पुठ्ठा फाटलेला दिसला तेवढं बिल्टीवर लिहून सही केली. तुम्हाला काही तुटलेलं दिसलं तर असंच तिथल्या तिथे बिल्टीवर लिहा, फोटो काढा, आणि नंतर लेखी नोटीस द्या, कारण बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेली नसेल तर कोर्टात पण काही करता येत नाही. तोंडी भांडणाला किंमत नाही हे आम्ही हैदराबादच्या वेळी शिकलो.

पूर्ण खर्च सांगतो. भाडं १२४२, बिल्टी १००, हमाली १६०, रिस्क ६२०, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून २२२८. पॅकिंग १५००, भोसरी ते निगडी ७००, वाराई २००, पिकअप ८००. एकूण ५४२८. माझं आणि मिस्त्रीचं जाणं-येणं वेगळं, ते मी इंजिन बघायला असंही केलं असतं. ट्रॅव्हल्सपेक्षा महाग पडलं, छोट्या हत्तीच्या भाड्याचा साधारण चौथा हिस्सा पडला. आणि याच्यातून काही कमी करायचं असेल तर पॅकिंग आणि रिस्क सोडून दुसरं काहीही कमी करा.

मार्क द्यायचे तर निगडीच्या बुकिंगला ५ पैकी ५. माल सुखरूप पोचवण्याला ४, ती फरसाणाची खोकी नसती तर ५ दिले असते. नागपूरच्या ऑफिसला २, ते पण हमालांमुळे. परत यांच्याकडूनच पाठवणार का, तर हो, पण निगडीहून बुक करूनच आणि नागपूरला स्वतः जाऊनच.

एक राहिलं, आरटीओ. इंजिन नंबर आरसीवर असतो त्यामुळे इंजिन बदलायच्या आधीच आपल्या आरटीओत जाऊन परवानगीचं विचारा, बसवून झाल्यावर नाही. आमच्या गाड्यांची तर सीझनच्या आधी कागदपत्रं तपासली जातात. मी इंजिन पुण्याहून निघायच्या आधीच अर्ज आणि विक्रीचं पत्र चंद्रपूरला दिलं होतं, त्यामुळे धावपळ वाचली.

इंजिन २६ सप्टेंबरला बसलं. नवीन ऑइल भरून मिस्त्रीने आधी प्लग काढून नुसता सेल्फ मारला, ऑइल वर चढेपर्यंत, मग प्लग लावून चावी दिली. मी फक्त डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्याकडे बघत होतो. दोन सेकंदात विझला.

पॅलेट मी फेकलं नाही. जुनं इंजिन आता त्याच्यावर बोल्ट मारून बसवलंय, त्याच पट्ट्या, तीच चार बोटं जागा. पुढच्या आठवड्यात ते नागपूरच्या मशीन शॉपला जाणार आहे, मावसभावाच्या पिकअपमध्ये भाजीच्या क्रेटच्या मागे, आणि तिथे द्यायला इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट आत्ताच काढून ठेवलीये.